रात्री डिझेलचा वास, सकाळी गाडी उचलत नाही

प्रश्न : जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायची, स्वयंपाकाची सोय केली आहे. रात्रभर उभी राहिली की डिझेलचा वास येतो, सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. – एक वाचक, अमरगोळ

उत्तर : आधी गाडीतला गॅस सिलिंडर बाहेर काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत आत झोपू नका. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे : डिझेलच्या तडकलेल्या नळ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढते. तिथं चीर असेल, तर थेंब न पडताही हवा आत शिरते आणि गाडी लवकर सुरू होत नाही. मध्ये पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा जोडून इंजिन चालवा. बुडबुडे दिसले, तर दोष टाकीकडे. वास ज्यामुळे येतो ती ओल मात्र इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांवर शोधा. ते उष्णतेनं कडक होऊन तडकतात. सगळे एकदम बदला. एम-सील लावू नका. जोड खोललात, तर तांब्याचे वॉशर नवेच घाला. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या नळीवर बोट कधीही फिरवू नका, दाबाची धार कातडीत घुसते.