वही संगणकात गेली, पण नक्कल कुठे आहे?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, चाळिशी उलटेपर्यंत आम्ही लाल वहीच ओळखत होतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्या कापडाच्या दुकानात संगणक आला. हिशेब झटपट होऊ लागला, म्हणून आम्ही वही लिहिणे बंद केले. चूक तिथेच झाली.

२०१९ साली, ईदच्या सीझनच्या तोंडावर, एका दुपारी वीज दोन-तीनदा गेली-आली. नंतर संगणक उघडलाच नाही. हार्ड डिस्क गेली होती. छापील बिलांवरून विक्री जुळली, पण उधारीत कोणाचे किती जमा झाले, हे गिऱ्हाइकांनाच विचारावे लागले. बहुतेकांनी खरे सांगितले. ज्यांनी कमी सांगितले, त्यांना दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता. त्यातून आम्ही जे शिकलो, ते असे :

१) संगणकाला यूपीएस जोडावा. त्यावर दिवसभर काम करायचे नसते. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरताच तो असतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये, भार झेपत नाही.

२) रोज दुकान वाढवताना हिशेबाची नक्कल, म्हणजे बॅकअप, घ्यावी. दोन पेन ड्राइव्ह ठेवून आलटून पालटून वापरावेत आणि ताजी नक्कल घरी न्यावी. पेन ड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवू नये. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर तो नक्कलही गिळतो. महिन्यातून एकदा नक्कल उघडून पाहावी. जीएसटीच्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, हे ध्यानात असावे.

३) गिऱ्हाइकाचे नाव एकाच लिपीत, एकाच पद्धतीने लिहावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, मुनीम मराठी आणि मुलगा इंग्रजी लिहिणारा. एकाच माणसाची तीन खाती झाली आणि बाकी तीन ठिकाणी विखुरली. नावापुढे मोबाइल क्रमांक लिहिला की घोटाळा टळतो.

४) जुना संगणक घेताना त्यावर विंडोज ११ चालते का, हे विचारावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक चालतो खरा, पण त्याची सुरक्षितता हळूहळू कमी होत जाते.

५) कारागिरांचे नमुने, मापे आणि आगाऊ रकमेची नोंद बहुधा मोबाइलमध्येच असते. त्याचीही नक्कल ठेवावी. स्क्रीनला कुलूप लावावे. *#०६# दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून ठेवावा; मोबाइल हरवला तर तो बंद करवण्यासाठी लागतो.

६) पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणे अवघड.

पेन ड्राइव्ह काही शे रुपयांना मिळतो. आमची बुडालेली उधारी त्याच्या कितीतरी पट होती. आज दुकान वाढवण्यापूर्वी पहिली नक्कल घ्या.