फॅटी लिव्हर ते कॅन्सर : रक्तात आधी काय दिसतं?

प्रश्न : वार्षिक तपासणीत सोनोग्राफीमध्ये 'फॅटी लिव्हर ग्रेड टू' आलं. मी दारूला कधी शिवलेलो नाही. भाचा म्हणतो, 'एएफपी' नावाची रक्ततपासणी करून घ्या, कॅन्सर होणार असेल तर आधीच कळेल. खरंच असं कळतं का?

उत्तर : भाच्याची काळजी रास्त आहे, पण त्याने सुचवलेली तपासणी या वाटेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावरची आहे. तुम्ही बहुधा सुरुवातीलाच असाल.

आधी 'ग्रेड टू'चा धसका घालवू. हा आकडा कॅन्सरच्या टप्प्यांसारखा नाही. चरबी साठलेलं यकृत सोनोग्राफीत पांढुरकं दिसतं आणि ते किती पांढुरकं, यावरून ग्रेड ठरतो. त्यातून चरबीचा अंदाज येतो, इजेचा नाही. दारूचं म्हणाल, तर तिच्याविनाही फॅटी लिव्हर सर्रास होतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की जादा साखर आणि मेद यकृतात साठत जातात. आपल्याकडे वरवर सडपातळ दिसणाऱ्या, पण पोट सुटलेल्या माणसांतही हे आढळतं.

नुसती चरबी असलेली बहुतेक माणसं कॅन्सरपर्यंत कधीच जात नाहीत. काहींच्या यकृतात मात्र या चरबीमुळे पेशींना सूज येते, त्या मरू लागतात. मेलेल्या पेशींच्या इशाऱ्याने शेजारच्या 'स्टेलेट' पेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखम भरल्यावर वण राहतो, तसे वण यकृताच्या आत तयार होतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. तो वाढत गेला की सिरोसिस.

दुसरीकडे मेलेल्या पेशींची जागा भरायला उरलेल्या पेशी सतत विभागत राहतात. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. पुरेशी झिजली की पेशी विभागायची थांबते. वास्तविक हा कॅन्सरविरुद्धचा निसर्गाचा बंदोबस्तच. पण एखाद्या पेशीत 'टर्ट' या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल होतो, टोकं पुन्हा बांधणारं टेलोमरेज हे विकर सुरू होतं आणि ती पेशी थांबायचंच विसरते. यकृताच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक आढळणारा जनुकीय बदल हाच. सिरोसिसमधल्या काही गाठींत तो कॅन्सर होण्याआधीच सापडतो. त्या अर्थाने ही खरी आगाऊ खूण. मात्र ती त्या गाठीच्या पेशींत असते, नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही.

जन्मतः मिळणाऱ्या खुणाही आहेत. 'पीएनपीएलए३' या जनुकातला एक छोटा बदल २००८ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या अभ्यासातून पुढे आला. त्यामुळे बदललेलं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबावर ठाण मांडून बसतं आणि चरबी मोडू देत नाही. असा बदल असलेल्यांना फॅटी लिव्हर, वण आणि कॅन्सर या तिन्हींचा धोका जास्त. उलट 'एचएसडी१७बी१३' जनुकातला एक बदल यकृताला सांभाळतो, हे २०१८ मध्ये समोर आलं. तरीही जनुक म्हणजे विधिलिखित समजू नये. वजन आणि साखर आटोक्यात असेल तर वाईट बदलाचाही जोर कमी पडतो.

आता एएफपी. हे प्रथिन गर्भातल्या बाळाचं यकृत बनवतं. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होतं. कॅन्सरच्या काही पेशी ते पुन्हा बनवू लागतात. पण गरोदरपणात आणि हेपॅटायटिसमध्येही ते वाढतं, आणि गाठ लहान असताना अनेकदा वाढतच नाही. तेव्हा ते नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नये, थोडं वाढलं म्हणून हादरूही नये. शिवाय ते असलेल्या गाठीचा सुगावा देतं. पुढे गाठ होईल की नाही, हे सांगत नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न एकच : यकृतावर वण पडले आहेत का? त्याचा पहिला अंदाज बहुधा घरातल्याच रिपोर्टांतून निघेल. 'फिब-फोर' नावाचं गणित आहे : वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. (एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले आकडे.) समजा, वय ५२, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट्स २ लाख ६० हजार. ५२ गुणिले ४० म्हणजे २०८०. २६० गुणिले ७ म्हणजे १८२०. उत्तर सुमारे १.१४. हे १.३ च्या आत असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी. याच माणसाच्या प्लेटलेट्स १ लाख ३० हजार असत्या, तर उत्तर २.२९ आलं असतं. प्लेटलेट्सचा यात काय संबंध? वणांमुळे यकृतातून रक्त वाहायला अडथळा येतो, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात.

उत्तर १.३ च्या वर आलं तर डॉक्टरांना विचारून फायब्रोस्कॅन करावं. त्यात यकृताचा कडकपणा मोजतात. पासष्टीनंतर गणिताची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. सिरोसिस निघालाच, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात आणि तिच्या जोडीला एएफपीही तपासतात. तिथे ती तपासणी खरी उपयोगाची. फॅटी लिव्हरमध्ये सिरोसिसविनाही कधीकधी कॅन्सर होतो हे खरं, पण तो धोका इतका कमी आहे की सरसकट सगळ्यांची तपासणी कोणी सुचवत नाही.

उत्तर १.३ च्या आत असेल तर वजनाकडे लक्ष द्या. जादा वजन असेल, तर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवल्यावर सूज ओसरते आणि अनेकांचे वणही विरळ होतात. यकृत 'साफ' करणाऱ्या काढ्यांच्या नादी लागू नका; त्यातल्या काहींनी यकृतालाच इजा होते. मधुमेह असेल तर वर्षा-दोन वर्षांनी, नसेल तर दोन-तीन वर्षांनी हेच गणित पुन्हा मांडायचं.