क्षयाचा जंतू काय खातो?

बैलाला वैरण लागते. कोंबडीला दाणे लागतात. माणसाला भाकरी लागते. खाल्ल्यावाचून कोणताच जीव जगत नाही. मग रोगाचा जंतू माणसाच्या अंगात शिरल्यावर तिथं काय खातो?

मंडळी, आज आपण क्षयाच्या जंतूची माहिती घेऊ. क्षय म्हणजेच टी. बी. हा जंतू काय खातो हे कळले, की क्षयाचे औषध इतके महिने का घ्यावे लागते तेही कळेल.

जंतू अंगात कसा शिरतो?

पूर्वी लोक म्हणत, क्षय करणीने होतो, दैवाने होतो. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात डॉक्टर रॉबर्ट कॉक यांनी सर्वांना सांगितले, की हा रोग एका जंतूमुळे होतो. हा जंतू फार बारीक असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले, तर बारीक काडीसारखा दिसतो.

फुप्फुसाच्या क्षयाचा रोगी खोकतो, तेव्हा बारीक थेंब हवेत उडतात. त्यांत जंतू असतात. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर ते त्याच्या फुप्फुसात जातात.

चोर पहारेकऱ्याच्याच घरात

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी फार लहान असतात. त्यांतल्या काही पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. बाहेरचा जंतू दिसला, की त्या त्याला गिळतात आणि पचवून टाकतात.

पण क्षयाचा जंतू सहसा पचत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असते. मेणकापडावर पाणी ठरते काय? तसेच हे आवरण आहे. त्यामुळे हा जंतू पहारेकरी पेशीच्या पोटात जिवंत राहतो. चोराने पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार झाला.

आता तो खातो काय? आपण कणगीत धान्य साठवतो. पेशीसुद्धा आपल्यापाशी चरबीचे थेंब साठवते. जंतू या चरबीवर जगतो. इतकेच नव्हे, तो पेशीला जास्त चरबी साठवायला लावतो. मग ती पेशी थेंबांनी गच्च भरते. यंत्रातून पाहिले, तर साबणाच्या फेसासारखी दिसते.

चरबी आत घेण्यासाठी जंतूच्या आवरणात खास वाटा असतात. एका वाटेने साधी चरबी आत जाते. दुसऱ्या वाटेने कोलेस्टेरॉल जाते. हृदयाच्या दुखण्यात डॉक्टर ज्याचे नाव घेतात, तोच हा पदार्थ. २००८ साली शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलची वाट मोडलेले जंतू उंदरांच्या फुप्फुसात फार काळ तग धरू शकले नाहीत. हे अन्न जंतूला किती गरजेचे आहे, ते यावरून दिसते.

या चरबीचे जंतू तीन उपयोग करतो. काही चरबी जाळून ताकद मिळवतो. काही चरबीतून मेणाचे आवरण बनवतो. उरलेली स्वतःच्या अंगात साठवतो. कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. तोही असाच आपल्या पेशींना चरबी साठवायला लावतो.

औषध मध्येच का सोडू नये?

काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. पोटात चरबीचा साठा झाला, की काही जंतू झोपल्यासारखे पडून राहतात. त्यांची वाढ थांबते. बरीचशी औषधे वाढणाऱ्या जंतूला लवकर मारतात. झोपलेला जंतू मात्र सहजासहजी मरत नाही.

शेतातली हरळी आपल्याला ठाऊक आहे. वरवर खुरपली, तर रान स्वच्छ दिसते. पण काशा मातीत राहतात. पाऊस पडला, की हरळी पुन्हा उगवते. क्षयाचे तसेच आहे. दोन महिने औषध घेतले, की ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते. रोगी म्हणतो, "आता मी बरा झालो, कशाला गोळ्या?" पण आत काशा शिल्लक असतात. औषध सोडले, तर रोग उलटतो. मग त्या औषधांना जंतू दाद देईनासा होण्याची भीती असते.

म्हणून साध्या क्षयाला सहा महिने औषध देतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. त्यांतले आयसोनियाझिड हे औषध १९५२ सालापासून वापरात आहे. ते जंतूला मेणाचे आवरण बनवू देत नाही.

मग रोग्याचे दूध-तूप बंद करावे काय?

कोणी विचारील, "गुरुजी, जंतू चरबी खातो म्हणता. मग आमच्या सूनबाईचं दूध-तूप बंद करू काय?"

नाही, आजी! असे मुळीच करू नका. जंतू ताटातले तूप खात नाही. तो पेशीतली चरबी खातो. सूनबाईंना उपाशी ठेवले, तर जंतू मरणार नाही, पण त्यांची ताकद जाईल. क्षयात माणूस झिजतो, तो काही इवल्याशा जंतूने सारी चरबी खाल्ली म्हणून नव्हे. ताप येतो, भूक मरते आणि जंतूशी झुंजण्यात शरीराची शक्ती खर्च होते. म्हणून रोग्याला जास्तच पोषण हवे.

२०१९ साली झारखंड राज्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात २८०० रोगी आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे होती. सर्व रोग्यांना औषधाबरोबर शिधा दिला. काही घरांत इतर माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. या घरांत नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. ज्या रोग्यांचे वजन सुरुवातीलाच वाढले, त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

पण नुसते खाणेही पुरत नाही. पूर्वी आपल्याकडचे रोगी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात जात. चांगली औषधे निघण्याआधी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच मुख्य उपाय होता. तरी पुष्कळ रोगी दगावत. १९५६ साली मद्रासला अभ्यास सुरू झाला. त्यात दिसले, की घरी राहून नियमित औषध घेणारे रोगीही आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात. तेव्हा औषध जंतूला मारते आणि अन्न माणसाला उभे करते. दोन्ही हवीत.

आपण काय करावे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही झाले तर सरकारी दवाखान्यात जावे. थुंकीची तपासणी आणि औषधे तिथं फुकट मिळतात. औषध चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून रोग्याच्या खात्यावर रक्कम जमा होते. २०१८ साली ती दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली.

खोकताना तोंडावर फडके धरावे. घरात हवा व उजेड येऊ द्यावा. रोग्याला वाळीत टाकू नये. आणि डॉक्टरांनी "आता पुरे" म्हणेपर्यंत एकही दिवस औषध चुकवू नये.

प्रश्न

१. क्षयाचा जंतू पहारेकरी पेशीत का मरत नाही?
२. जंतू चरबीचे कोणते तीन उपयोग करतो?
३. हरळी आणि क्षय यांत सारखेपणा कोणता?
४. रोग्याचे दूध-तूप का बंद करू नये, ते शेजाऱ्याला समजावून सांगा.