क्रमिक पुस्तकातील धडा आणि एक शिक्षिका

अमेरिकेतील लिटल रॉकचे सेंट्रल हायस्कूल आपणांस ऐकून माहीत असेल. १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेथे लष्कराच्या बंदोबस्तात प्रवेश करावा लागला. पुढे त्याच शाळेत सुसान एपरसन या जीवशास्त्र शिकवीत.

अर्कान्सास राज्यात १९२८ चा एक कायदा होता, तोही लोकांनी मतदान करून आणलेला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे सरकारी शाळेत शिकविणे हा गुन्हा. दंड, शिवाय बडतर्फी. १९६५ साली शाळेने जे नवे पुस्तक नेमले त्यात नेमका हाच धडा! शिकवावा तर नोकरीवर गदा, न शिकवावा तर विषयच अपुरा. (ही कोंडी नोकरदार माणसाला वेगळी सांगायला नको.) बाईंवर कोणी खटला भरला नव्हता, त्या आपण होऊन कोर्टात गेल्या.

खालच्या कोर्टात त्या जिंकल्या. १९६७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या दोन वाक्यांत तो निकाल फिरविला. अखेर १२ नोव्हेंबर १९६८ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरविला. एखाद्या धर्ममताशी जुळत नाही म्हणून राज्याला ज्ञानाचा एक भाग अभ्यासक्रमातून गाळता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

सर्वत्र गाजला तो टेनेसीतील १९२५ चा स्कोप्स खटला. पण तेथील दंड तांत्रिक चुकीमुळे रद्द झाला, कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला. म्हणून मला एपरसनबाईंचा खटला मोठा वाटतो.

विरोधक मात्र थांबले नाहीत. उत्क्रांतीबरोबर ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवा, असा कायदा अर्कान्सासने १९८१ साली केला. लिटल रॉकच्याच संघीय न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये तो रद्द केला.