अभ्यासाची स्वतःची रीत

सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या मंगरूळपीर तालुक्यातील शेतकऱ्याला नव्या वाणाची पारख कशी करावी, हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन वाण एकाच शेतात शेजारी शेजारी पेरावयाचे, दोहोंना सारखेच खत द्यावयाचे आणि मळणीनंतर उतारा पाहून निर्णय घ्यावयाचा. त्याच घरातील मुलाच्या अभ्यासपद्धतीची पारख मात्र अशी क्वचितच होते. ‘हा ऐकून शिकणारा’, ‘ती पाहून शिकणारी’, ‘याला वाचन जमणार नाही’ असे निवाडे वर्गात आणि घरात सहज दिले जातात. या निवाड्यांना आधार किती, याचा विचार शिक्षकांनी व पालकांनी करणे अगत्याचे आहे.

वर्गवारीचा मोह

प्रत्येक व्यक्तीची शिकण्याची एक ठरावीक शैली असते, ही कल्पना गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली. न्यूझीलंडमध्ये पूर्वी शाळा तपासणीचे काम केलेल्या नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये मांडलेली विभागणी विशेष लोकप्रिय ठरली. दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे तिचे चार भाग आहेत. प्रश्नावली भरून आपला गट ओळखावा आणि त्यानुसार अभ्यास करावा, असा सल्ला त्यावरून दिला जाऊ लागला.

2008 मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेच्या पुराव्याची छाननी केली. त्यांची कसोटी साधी होती. ‘पाहून शिकणाऱ्या’ मुलांना चित्रांतून आणि ‘ऐकून शिकणाऱ्या’ मुलांना श्रवणातून शिकविल्यास दोन्ही गटांचे गुण खरोखर वाढतात काय? या कसोटीला उतरेल असा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी भिन्न असतात, हे खरे. परंतु आवडीच्या पद्धतीने शिकल्यास अधिक येते, हे सिद्ध झालेले नाही.

चुकीच्या शिक्क्याची किंमत मूल मोजते. वाशिम जिल्ह्यातील अनेक बंजारा कुटुंबांत गोरमाटी बोलली जाते. अशा घरातील मूल पाठ्यपुस्तक अडखळत वाचू लागले, तर अडचण बहुधा नव्या भाषेची असते. ‘हे कृतीतून शिकणारे मूल’ असे म्हणून त्याच्या हातचे पुस्तक दूर केल्यास, ज्या वाचनाची त्याला सर्वाधिक गरज आहे तेच हिरावले जाते. त्याला घरच्या शब्दांवरून पुस्तकाच्या शब्दांकडे नेणारा शिक्षक हवा असतो.

पद्धत विषयावरून ठरते

पावकी, निमकी, दिडकी हे पाढे जुन्या शाळांत मोठ्याने म्हणून घेतले जात; कारण त्यांचा क्रम जिभेवर बसावयाचा असे. नकाशा हाताने काढल्यावाचून पक्का होत नाही, गणित सोडविल्यावाचून येत नाही आणि मोटेची वा विहिरीची गोष्ट सांगताना चित्र उपयोगी पडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरविण्यात आली. त्या मुलांची दिनचर्या पाहून शाळेने आपली वेळ व जागा बदलली. मुलाचे निरीक्षण करून अडथळा शोधणे, हीच त्या कार्याची शिकवण आहे.

आठवण्याचे बळ

सर्वांनाच उपयोगी पडणाऱ्या काही रीती मात्र प्रयोगांनी पुढे आल्या आहेत. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांना 81 टक्के व आठवून लिहिणाऱ्यांना 75 टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर हेच प्रमाण अनुक्रमे 42 व 56 टक्के झाले. पुनर्वाचनाने ‘आले’ असा भास होतो, तो लवकर विरतो. उजळणी एका रात्रीत न करता दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने विभागून केल्यासही स्मरण टिकते.

वहीतील प्रयोग

आपली रीत शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने शेतकऱ्याप्रमाणेच तुलना करावी. इतिहासाच्या धड्याचे दोन सारखे भाग घ्यावेत. पहिला भाग तीन वेळा वाचावा. दुसरा एकदा वाचून पुस्तक मिटावे, आपल्या शब्दांत लिहावा आणि उरलेली उणीव पुस्तकावरून भरावी. वेळ दोहोंना सारखाच द्यावा. आठवड्याने मित्राकडून दोन्ही भागांवर दहा-दहा प्रश्न विचारून घ्यावेत व गुण वहीत नोंदवावेत. महिनाभर निरनिराळ्या विषयांत हे करावे. पुढे पहाट की रात्र, एकट्याने की सोबत्यासह, याचीही अशीच पारख करावी. मनाला बरे वाटले ते न धरता, वहीत अधिक गुण दिसतील ती रीत धरावी.

शाळा आणि पंचायत

शिक्षकाने तासाच्या शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटवून प्रत्येकाला आठवेल ते लिहू द्यावे; त्यास गुण देऊ नयेत. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत हा प्रयोग समजावून सांगता येईल. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुले शेतावर जातात. तेव्हा गावातील एखादी उजेडाची, शांत खोली संध्याकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवणे पंचायतीच्या हाती आहे. मुलाने कोणती रीत धरावी, ते त्याच्या वहीतील नोंदी सांगतील. वही उघडण्यास जागा आणि वेळ मिळवून देणे हे मोठ्यांचे काम आहे.