पावागड, कोळसा आणि हिमालय

अलकापुरीत कोठेही पाया खणला, तरी सहसा खडक लागत नाही; लागते ती नद्यांनी आणून टाकलेली गाळाची माती. पण ईशान्येस पन्नासेक किलोमीटरांवर सुमारे ८०० मीटर उंचीचा पावागड एकाएकी उभा ठाकतो. हा डोंगर आला कोठून?

पुष्कळांस वाटते की, सर्व पर्वत भूमी वर उचलली जाऊन होतात. पावागडाची कथा निराळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडून थरांवर थर साचले. सह्याद्रीही याच थरांचा बनला आहे. पुढे पाऊस व नद्या यांनी सभोवतालचे खडक झिजविले. माथ्यावर कठीण खडक असलेला पावागड मात्र टिकला. म्हणजे तो झिजेतून उरलेला डोंगर होय.

त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी भडोच जिल्ह्यात राजपारडीच्या परिसरात दलदलीची अरण्ये होती. पडलेल्या वनस्पती पाण्याखाली गेल्या. तेथे हवा न पोहोचल्याने त्या पूर्णपणे कुजल्या नाहीत. वर गाळ साचत गेला. त्याच्या भाराने व उष्णतेने त्यांचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा झाला. तेथे तो उघड्या खाणीतून, वरची माती दूर सारून काढतात. चंद्रपूरकडील कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांचा. तो अधिक काळ दडपला गेल्याने त्यात पाणी कमी व कार्बन जास्त असतो. म्हणून त्याची आचही अधिक असते.

राजपारडीचा कोळसा ज्या काळात घडू लागला, साधारण त्याच काळात उत्तरेकडे सरकणारे भारताचे भूखंड आशियाला भिडले. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळला, त्याच्या वळ्या पडल्या आणि त्या उंच उचलल्या गेल्या. हाच हिमालय! एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात समुद्री जीवांचे अवशेष आढळतात, याचे कारण हेच.

हा रेटा अद्याप थांबलेला नाही. आपली भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते. त्या दाबाने कच्छमधील जुन्या भेगांत ताण साचतो. २६ जानेवारी २००१ रोजी तो एकदम मोकळा झाला. त्या भूकंपात हजारो माणसे दगावली. अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुलेही घरांच्या ढिगाऱ्याखाली सापडली.

भूकंप केव्हा होईल, हे आजही नेमके सांगता येत नाही. परंतु घर मजबूत बांधणे आपल्या हाती आहे. तसेच, जो कोळसा घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली, तो क्षणात जळून राख होतो, हेही विसरता कामा नये. पुढच्या सहलीत पावागड चढताना वाटेवरचा एखादा दगड हाती घेऊन पाहा. त्याचे वय आठवले, म्हणजे पायांखालच्या भूमीकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलेल.