मुक्त व्यापाराला निकोप स्पर्धेची जोड

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी परवाना पद्धती बव्हंशी मोडीत काढली. व्यापार खुला झाला. परंतु तेवढ्याने स्पर्धा निकोप होत नाही. सरकारी निर्बंधांची जागा उत्पादकांच्या संगनमताने घेतली, तर ग्राहकाच्या पदरी चढ्या किमतीच पडतात.

१९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याचा रोख प्रामुख्याने उद्योगांच्या आकारावर होता. राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या स्पर्धा कायदा, २००२ ने ही दृष्टी बदलली. उद्योग मोठा असणे गैर नाही. बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग गैर होय. संगनमताने किंमत ठरविणे, बाजारपेठ वाटून घेणे, निविदांमध्ये साटेलोटे करणे यांना प्रतिबंध झाला. या प्रमुख तरतुदी मात्र मे २००९ मध्ये अमलात आल्या.

खरी कसोटी अंमलबजावणीची आहे. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला; २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड आकारला आणि पुन्हा अपिले झाली. २०२३ च्या दुरुस्तीनुसार दंडाच्या २५ टक्के रक्कम भरल्याखेरीज अपील दाखल करून घेतले जात नाही. कायद्याचा धाक दंडाच्या आकड्यात नसून निर्णयाच्या निर्दोषतेत व वसुलीच्या तत्परतेत असतो, हाच यातील बोध आहे.